विस्तवावरची मोटार आणि रुचाची इलेक्ट्रिक कार

नाना, आठवतंय का रे? सेलूच्या आपल्या दारात रोज सकाळी मोटारीमागचा पंखा आपण दोघं बहीणभाऊ आळीपाळीनं फिरवायचो... वीस फेरे तुझे, वीस माझे. तू नेहमी अठराव्यालाच "वीस!" म्हणून मोकळा व्हायचास.

परवा माझी नात रुचा परभणीच्या शोरूममधून आली आणि माझ्या पलंगावर येऊन बसली. ती डॉक्टर आहे, आठवड्यातले तीन दिवस सेलू-वालूरकडच्या गावांत जाते. इलेक्ट्रिक कार तिला फार आवडली होती, तरी बुक न करताच परत आली... "आजी, गाडीत पेशंट असताना मध्येच चार्जिंग संपलं तर?"

मला एकदम बाबा दिसले.

निजामाचं राज्य होतं, दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. बाबा सेलूला डॉक्टर. पेट्रोल कूपनवर मिळायचं, तेही इतकं थोडं की मोटार दारात उभी आणि बाबा बैलगाडीतून पेशंट बघायला...

मग रहीममियाँ मिस्त्रींनी तोड काढली. मोटारीच्या मागे उंच लोखंडी टाकी बसवायची, तिच्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, पंख्यानं फुलवायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. "डाक्टरसाब, आठ रोज चलाके देखो. पसंद नै आई तो टाकी निकालके ले जातूँ."

आई म्हणाली, "चुलीवरची मोटार? मग वरणही तिच्यावरच शिजवते!"

बाबांचं मात्र ठरत नव्हतं. वाटेत बंद पडली तर... अगदी रुचाचीच धास्ती.

सातव्या दिवशी वालूरहून बोलावणं आलं. धोंडाबाई नावाच्या शेतकरी बाईंची सून अडली होती. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते, हट्ट करून मोटारीत बसले. रहीममियाँ चालवत होते आणि मोटार झकास पोचली.

बाबांना वाटलं, बाळंतपण इथंच होईल, वेळ लागेल. कोळसा वाया जायला नको म्हणून त्यांनीच टाकी विझवायला सांगितली... आणि दिवेलागणीच्या सुमाराला घाम पुसत बाहेर आले. हिला सेलूच्या दवाखान्यात न्यायलाच हवं, आत्ताच.

टाकी थंडगार. नुसत्या काडीनं कोळसा धरायला पाऊण तास लागायचा आणि रॉकेल तर औषधालाही मिळत नव्हतं. चुलीतले निखारे असते तर दहा मिनिटांचं काम! रहीममियाँ निखारे मागायला धोंडाबाईंच्या दारात गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

तिन्हीसांजेला घरातला विस्तव बाहेर द्यायचा नसतो... घरची लक्ष्मी जाते म्हणतात. शेजारच्या बायकांनीही माना खाली घातल्या. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. बाबा नुसते धोंडाबाईंकडे बघत राहिले.

"असं बघू नगा, डाक्टर. मला काय कळंना व्हय?" म्हणत त्या आत गेल्या.

बाहेर आल्या त्या लांब दांड्याच्या लोखंडी पळीत लालबुंद निखारे घेऊनच. रहीममियाँनी हात पुढे केला तशा कडाडल्या, "हात नगा लावू! म्या कुणाला इस्तू देत न्हाई. माझा इस्तू माझ्याच हातात हाय."

मोटारीपर्यंत त्या स्वतः चालत आल्या. निखारे आपल्या हातानं टाकीत टाकले आणि पळी तशीच धरून सुनेशेजारी चढून बसल्या. "दिला न्हाई, ठिवलाय. उद्या माघारी नेणार हाय!"

पंखा गरागरा फिरवत रहीममियाँ हसले, "ये अम्मा तो वकील है!" तेवढ्या घाईत बाबाही हसले... ते हसणं मला अजून दिसतं.

पहाटे मुलगी झाली, सगुणा. मायलेकी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई घराकडे निघाल्या तेव्हा आईनं शेगडीत आमच्या चुलीतले निखारे भरून त्यांच्याबरोबर दिले. विस्तव माघारी वालूरला गेला. पळी मात्र त्यांनी टाकीच्या खिट्टीला अडकवून ठेवली, "ऱ्हाऊ द्या, मोटारीला लागंल."

आठ दिवस भरले तसे रहीममियाँ टाकीचं विचारायला आले. बाबांच्या आधी आईच बोलली, "काढायची नाही. वालूरचा विस्तव आहे तिच्यात."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला पुष्कळ शहाणपण शिकवलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण आपला नेम न मोडता माणूस वाचवायचा कसा, हे मला एका अंगणात, एका निरक्षर बाईनं दाखवलं.

रुचाला एवढंच सांगितलं. मोटार तेव्हाही ऐन वेळी थंड पडलीच होती, बाळा... म्हणून काही पेशंट तिथंच राहिला नाही. काल तिनं गाडी बुक केली.

मी आता नव्वदीला टेकले, तेव्हा इथं घरातल्या सगळ्यांसमोरच सांगून ठेवते. टाकीच्या पंख्याची मूठ माझ्या ट्रंकेत आहे, ती नानाला... आता तरी पूर्ण वीस मोज. नव्या गाडीचे पहिले पेढे वालूरला सगुणाला. तीही ऐंशीला आली, दात राहिले नाहीत, मऊ बघून घ्या.

आणि पळी रुचाला. गाडीत चार्जिंगच्या वायरशेजारीच असू दे. दिलेली नाही हं, रुचा... ठेवलेली आहे.