नका-नेऊ मावशी

व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात तिला सगळे नका-नेऊ मावशी म्हणायचे. गिऱ्हाईक कॅसेट हातात धरून विचारायचं, बरा आहे का हो हा सिनेमा. सिनेमा टुकार असला की ती म्हणायची, "नका नेऊ." मग दुसरी एखादी कॅसेट काढून द्यायची, नसली तर रिकाम्या हाताने पाठवायची. या दोन शब्दांवरून दुकानाच्या मालकाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आयुष्यभर तिचं डोकं खाल्लं. गिऱ्हाइकाला परत घालवायचा पगार घेतेस का, असं तो चारचौघांत विचारायचा. पगार तिला नव्हताच.

मालकाची तऱ्हा वेगळी होती. कॅसेट बघून झाली की फीत उलटी फिरवून, पहिल्या चित्रावर आणून परत द्यायची असा दुकानाचा नियम होता, आणि जो विसरेल त्याची मालक सगळ्यांदेखत अब्रू काढायचा. एका मास्तरांना तर त्याने त्यांच्याच विद्यार्थ्यांसमोर असं फैलावर घेतलं की त्या माणसाने रस्ताच बदलला. मावशी त्यांच्या घरी गेली, दोन तास बसली, त्यांच्या बायकोशी बोलली आणि मास्तरांना परत घेऊन आली. अशी किती माणसं तिने दारोदार जाऊन परत आणली असतील. मालकाला पत्ताही नव्हता. लोक आपल्या शिस्तीवर खूश आहेत असं त्याला वाटायचं, आणि या समजुतीवर त्याची छाती कायम पुढे असायची. शेवटी घरोघर केबल आली आणि दुकान बसलं. खरं कारण तेवढंच. पण केबलवर राग काढता येत नाही, बायकोवर काढता येतो.

दुकान जाऊन कितीतरी वर्षं झाली. मावशीला त्यातलं काही परत नको होतं. फक्त एकदा त्याने म्हणावं, दुकान तू सांभाळलंस. तेही आपणहून म्हणावं, मागून घेतलेलं नको. असला हट्ट धरून बसलं की माणूस वाट बघता बघता म्हातारा होतो. ती झालीच होती.

मालकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो घरात पडला. पडला म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर बसला. मुलगी घरूनच ऑफिसचं काम करायची. दर पाच मिनिटांनी तिच्या खोलीच्या भिंतीवर त्याची काठी आपटायला लागली, तशी वैतागून तिने आपल्या जुन्या लॅपटॉपवर त्याला एक गेम घालून दिला. गेम व्हिडिओ कॅसेटच्या दुकानाचाच. फळ्या लावा, कॅसेट मांडा, भाडं ठरवा, नोकर ठेवा. पडद्यावर इवलीशी माणसं दारातून आत यायची, फळ्यांपुढे घुटमळायची, आणि आवडलं नाही की त्यांच्या डोक्यावर लाल चेहरा उमटायचा.

मालक हरखला. दुकानाला नाव जुनंच दिलं. नोकर ठेवायची वेळ आली तेव्हा गेमने नाव विचारलं, आणि त्याने बायकोचं नाव घातलं. स्वभावाची यादी आली, त्यात मुलीने वाचून दाखवलं, हसरी, चपळ, अबोल, स्पष्टवक्ती. मालक म्हणाला, "स्पष्टवक्ती घाल. आमची तीच आहे."

मावशी स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. मटार सोलायचे सोडून ती बाहेर आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. निळ्या झग्यातली एक बुटकी बाई काउंटरमागे धावपळ करत होती आणि तिच्या डोक्यावर मावशीचं नाव तरंगत होतं. मावशीला आनंद झाला. लपवायचा म्हटलं तरी लपला नसता असा आनंद. चौकशीला आलेल्या शेजाऱ्यांना मालक पडदा दाखवून सांगायचा, ही बघा आमची मंडळी, कशी राबतेय. इतक्या वर्षांत राबतेय हा शब्द त्याने तिच्याबद्दल पहिल्यांदा वापरला होता. ती रोज मटाराची परात घेऊन त्याच्या मागे बसू लागली. आज ना उद्या तो मागे वळून म्हणेल, असं तिला वाटत होतं.

तो वळलाही. "अगं, ये इकडे. हे बघ."

निळ्या झग्यातली बाई पडद्यावर नव्हती. तिला काढून टाकलं, असं त्याने सांगितलं. गिऱ्हाइकं तिच्याशी बोलून रिकाम्या हाताने परत जात होती. तिच्या जागी एक अबोल पोरगा ठेवला, आणि आता बघ, धंदा कसा वर चढतोय. त्याने बोट पडद्याला टेकवलं, हिरवी रेघ वर निघाली होती. त्याचा चेहरा असा उजळला होता की जणू एखादा हरलेला खटला तो आज जिंकला.

"मी इतकी वर्षं सांगत होतो," तो म्हणाला. "तू काउंटरवर नसतीस तर आपलं दुकान टिकलं असतं. आता हे मी नाही म्हणत. हे मशीन म्हणतंय."

मुलगी दारात होती. ती म्हणाली, बाबा, स्पष्टवक्त्या नोकराला जरा वेळ द्यावा लागतो, मग गिऱ्हाइकं कायमची होतात, तसंच बनवलंय ते. तो म्हणाला, तेवढा वेळ कोणाकडे आहे. सोललेले मटार मावशीने चुकून सालांत ओतले, आणि मग बसून एकेक वेचत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारी मालकाला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेले. मावशी लॅपटॉपसमोर जाऊन बसली आणि मुलीला विचारलं, "यात मालकाला कुठून काढायचं?"

मुलगी हसली. "आई, मालकाला काढता येत नाही. जो खेळतो तोच मालक."

"मग मी खेळते," मावशी म्हणाली.

तिने नवं दुकान मांडलं. आधी बाण भलतीकडेच पळायचा, पण तासाभरात जिथे हवा तिथे जायला लागला. फळ्या मनासारख्या लागल्या, माणसं येऊ लागली. मग नोकर ठेवायचा होता. नाव तिने नवऱ्याचं घातलं. स्वभावासाठी मुलीला पुढचं पान काढायला लावलं. तिथे तुसडा असा एक होता, सगळ्यांत स्वस्त.

मालक परत आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. काउंटरमागे आपलं नाव पाहून तो खूश झाला. "मलाच ठेवलंस होय," म्हणत काठी भिंतीला टेकवून तो तिच्याशेजारच्या खुर्चीत बसला. थोड्या वेळाने पहिला लाल चेहरा उमटला. मग दुसरा. त्या बुटक्या मालकासमोर जो येई तो लाल होऊन दाराबाहेर पडे, आणि बाहेर पडलेला परत येत नव्हता.

"आई, काढ त्याला. दुकान बुडेल, शटर पडेल," मुलगी म्हणाली.

"काढ की," मालक म्हणाला. तो हसला, पण त्याची नजर बायकोच्या बोटावर होती.

"नको," मावशी म्हणाली. "तेव्हाही मी यांना काढलं नव्हतं. हे माणसं घालवायचे आणि मी त्यांच्या घरी जाऊन, पाया पडून परत आणायची. मास्तरांना आणलं, औषधवाल्याला आणलं, त्या जुळ्यांच्या आईला तर दोनदा. इथे कोणाची घरंच दाखवलेली नाहीत. नाहीतर गेले असते."

"मास्तर माझ्यासाठी यायचे," मालक म्हणाला.

"मास्तर तुम्हाला जनावर म्हणायचे. आणि मी हो म्हणायची, म्हणून यायचे."

मुलगी खाली बघू लागली. पडद्यावर दुकान रिकामं झालं होतं. फळ्या भरलेल्या, दिवे चालू, आणि काउंटरमागे तो एकटाच बुटका उभा. मालकाला तिथून उठायचं होतं. नव्या गुडघ्याने त्याला अजून आपलं आपण उठता येत नव्हतं, तिचाच हात लागायचा. त्याने आपला हात पुढे केला.

"बसा," ती म्हणाली. "शटर पडेपर्यंत बसा." आणि तिने माउसवरचा हात काढला नाही.