दामले काकूंची इंजेक्शनं

पहिल्यांदा खटकला तो अण्णांनी अर्धा टाकलेला चहा.

रत्नागिरीत विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या आमच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. कुठंतरी हल्ला होतो, कायदा बदलतो, आमचा फॅक्स खडखडतो. आणि मग आपली माणसं अन् मुंबईचं सिक्युरिटी चेक समोरासमोर! पण फॅक्स वाचताना आमच्या मालकांनी, अण्णांनी, चहा कधी टाकला नव्हता. त्या ऑगस्टच्या सकाळी टाकला. मी तर स्टेपलर पडला तरी दचकते.

*

अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर हातातल्या बॅगेत धारदार वस्तू बंद झाल्या. गुहागरचे बागवाले नाना मुलाकडे दुबईला निघाले होते. मी दहादा बजावलं, "नाना, सुरी, कात्री, ब्लेड काही नको हां!"

नाना शब्दाचे पक्के. सुरी नाही, कात्री नाही, ब्लेड नाही. खिशात अडकित्ता!

जवानानं तो काढून घेतला, तर नाना त्यालाच म्हणाले, "ठेव. पण परत येईन तेव्हा धार गेलेली चालायची नाही!"

*

मग कुणीतरी बुटात स्फोटकं लपवली, आणि बूट काढायला लावू लागले. आमचा विलासदादा जहाजावर रुजू व्हायला चालला होता. त्यानं बूट काढले, कमानीखाली गेला आणि सवयीनं हात जोडले. मागचे दोघंही हात जोडूनच आले!

*

तर तो ऑगस्टचा फॅक्स. लंडनहून निघणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला होता. आता हातातल्या बॅगेत पातळ काहीच न्यायचं नाही. तासाभरात हेदवीहून एका मावशींचा फोन.

"लोणचं पातळ की घट्ट?"

"पातळच धरतील, मावशी."

"आम्ही काय लोणचं पितो काय गो?"

अण्णा खो खो हसले. मला हसू येईना. आमच्या गल्लीतल्या दामले काकू पहाटेच्या गाडीनं मुंबईला निघाल्या होत्या. संध्याकाळी लंडनचं विमान, तिथं लेक बाळंतपणाला टेकलेली. आणि काकूंच्या पर्समधल्या थर्मासात इन्सुलिन!

फॅक्सात पुढं होतं : औषध चालेल, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पासपोर्टवरचंच नाव हवं.

काकूंची चिठ्ठी मी आदल्या दिवशी पाहिली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी सवयीनं वर लिहिलं होतं, 'दामले काकू'.

मी धावत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "अगो, गावात दुसऱ्या दामले काकू आहेत कोण?"

"गावात नाहीत, पण एअरपोर्टवर गाव कुठंय!"

मग त्यांनी पासपोर्टवरचं नाव घालून नवी चिठ्ठी लिहिली. आम्ही ती मुंबईला काकूंच्या भाच्याच्या ऑफिसात फॅक्स केली. तो त्यांना एअरपोर्टवर भेटणार होता.

काकूंचा मोबाइल मात्र लागेना. कोकण रेल्वे, एक बोगदा संपला की दुसरा. एकदाच लागला.

"काकू, चिठ्ठी पटली नाही तर परत या. इंजेक्शनं सोडून जाऊ नका!"

"इंजेक्शनं राहिली तर राहिली. लेक एकटी आहे गो तिथं. मी जाणारच—"

बोगदा.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "फॅक्सचा कागद दिला तिला. आत गेलीय. पुढचं मला काय दिसणार?"

मी काकूंचा नंबर फिरवला. नुसती रिंग. पुन्हा रिंग. विमानाची वेळ होऊन गेली. रिंग चालूच. म्हणजे काकू विमानात नाहीत? की चक्कर येऊन कुठं पडल्या?

"चहा घे आधी," अण्णा म्हणाले.

"नको."

"गार होतोय."

"अण्णा, नको म्हटलं ना!"

पुन्हा फिरवला. रिंग... रिंग... आणि फोन उचलला. पुरुषाचा आवाज!

"हॅलो, सिक्युरिटी. फोन ट्रेमध्येच विसरल्या त्या. काकू विमानात बसल्या, इंजेक्शनांसकट. चिठ्ठी दाखवताना सांगत होत्या, तुम्हीच ना ती रत्नागिरीची घाबरट मुलगी? चहा घ्या बघू आधी!"