मार्करच्या पोरीचा तास

आमच्या क्लबातला मार्कर बॉल मारत नसे, वाढत असे. पंगतीत एखादी जाणती बाई पानाकडे बघून नेमकं हवं तिथे वाढते, तसा तो साहेबाच्या रॅकेटपुढे बॉल आणून ठेवायचा. साहेबाने नुसता हात फिरवायचा. हात फिरला की पलीकडून आवाज यायचा, "शॉट, साब." त्या दोन शब्दांवर निम्मा क्लब स्वतःला टेनिसपटू समजत होता. माझे वडील त्यातलेच, आणि मीसुद्धा.

मार्कर म्हणजे क्लबाने पगारावर ठेवलेला खेळगडी. पहाटे मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, सुतळी ताणून चुन्याच्या रेघा आखायच्या, रॅकेटची तुटलेली जाळी विणायची, आणि ज्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या क्लबात हे सगळं एकटा सोमाजी करायचा. माझे वडील पाटबंधारे खात्यात मोठे इंजिनियर, शिवाय क्लबाच्या कमिटीवर. मी तेरा वर्षांची. बापापेक्षा वयाने मोठ्या माणसाला मी खुशाल अरे-तुरे करायची. आता लिहायला बसले तेव्हा ‘ते’, ‘त्यांनी’ असं लिहून पाहिलं. माझीच मला लाज वाटली. इतक्या वर्षांनी फुकटचा मान देऊन कुणाला फसवायचं? तेव्हा म्हणत होते तसंच लिहिते.

सभासदांची शरीरं त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होती. "जजसाहेबाचा उजवा गुडघा गेला हाये," तो मला एकदा समजावत होता, "त्यायले दोन पावलांच्या आतच द्या लागते. तुमच्या बाबाले डाव्या हातावर देऊन चालत नाही, मग ते मॅडमवर चिडते." मॅडम म्हणजे माझी आई. माझ्या आईचा दिवस कसा जाणार हे हा माणूस सकाळी सात वाजता कोर्टावर ठरवत होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. स्वतः अनवाणी खेळायचा. कोर्टावर कॅनव्हासचे बूट नाहीतर मोकळे पाय, असा क्लबाचा नियम होता, आणि बूट त्याच्याजवळ नव्हते. पाणी माठाखाली ओंजळ धरून प्यायचा. ओंजळीने पी असं कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी पेला पुढे केल्याचंही मला आठवत नाही.

त्याची मुलगी सुजाता माझ्याच वयाची. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीत हे नाव घरोघर आलं, त्यातलीच ही एक. शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन यायची. उन्हाळ्यात दुपारी कोर्टं ओस पडलेली. नागपूरच्या मे महिन्यात बारा वाजता घराबाहेर पडायला माणसाचं डोकं फिरलेलं असावं लागतं. ही बापलेक त्या उन्हात खेळायची. बॉल सभासदांनी टाकून दिलेले, टक्कल पडलेले. तिची रॅकेट तांब्याच्या तारेने बांधलेली. सेक्रेटरींनी एकदा व्हरांड्यातून हे पाहिलं आणि प्रकरण कमिटीपुढे गेलं.

तिथे माझ्या वडिलांनी उदारपणा दाखवला. त्या उदारपणाची गोष्ट आमच्या घरी पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगितली जायची. ते म्हणाले, बेबीला, म्हणजे मला, तिच्या वयाचं कुणी खेळायला नाही. ही पोरगी सकाळी बेबीच्या तासाला तिच्याबरोबर खेळू दे. कमिटीने मान डोलावली. क्लबात एक रजिस्टर असे. त्यात सभासदाने आपलं नाव लिहायचं की तो तास, ते कोर्ट त्याचं. सुजाता दोन वर्षं रोज कोर्टावर उतरली, पण रजिस्टरात नाव माझं. एक दिवस मी तापाने पडले होते, त्या दिवशी ती येऊन कुंपणाबाहेर उभी राहिली आणि परत गेली, असं नंतर माळ्याने सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात तिने मला सपाटून हरवलं. मी रॅकेट जमिनीवर आपटली, रडत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. सेक्रेटरींनी सोमाजीला बोलावून घेतलं. काय बोलले ते माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी सोमाजी माझ्यादेखतच पोरीला म्हणाला, "बेबी हासत घरी गेली पाहिजे वं. बेबीनं रॅकेट आपटली का समज, पुढचा बॉल हातात द्याचा." सुजाताने मान हलवली. ती हुशार होती, एकदा सांगितलेलं पुरे व्हायचं. त्यानंतर मी चिडले की पुढचा बॉल कसा बरोबर माझ्यापुढे उसळायचा. आपला खेळ सुधारतोय, असं मी आईला सांगत होते.

दोन वर्षांनी मुलींच्या स्पर्धा जाहीर झाल्या. जिंकणारी मुलगी विदर्भाच्या संघातून पुण्याला जाणार होती. सोमाजीचं लक्ष पुण्यावर नव्हतंच. आमच्या क्लबाचा एक नियम होता, संघात निवडल्या गेलेल्या मुलामुलीला रजिस्टरात स्वतःच्या नावावर रोज एक तास मिळे; मग त्याचा बाप सभासद असो वा नसो. हा नियम करताना असला बाप कुणाच्या स्वप्नातही नसणार. सोमाजीने तो बरोबर हेरला होता. रेघा आखता आखता मला म्हणाला, "पोरीच्या नावानं एक तास भेटला ना बेबी, तर बस. कोणाची जोडीदारीण म्हणून नाही. तिचा तास." अर्जावर सभासदाची सही लागत होती. ती माझ्या वडिलांनी केली. उदारपणाच्या गोष्टीत तेवढी भर पडली.

बूट माझे जुने दिले. ते घालून सुजाताने पहिल्या दोन फेऱ्यांत समोरच्या मुलींना असं काही पळवलं की व्हरांड्यातल्या खुर्च्या पुढे सरकल्या. काटोलच्या एका संत्र्याच्या बागाईतदाराची मुलगी तर हात जोडूनच कोर्टाबाहेर आली. मी तिला तसं खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. मग फायनल. तिच्यापुढे मी.

निकाल एका सेटवर होता. ती पाच-दोन अशी पुढे गेली. एक गेम, बस, तेवढाच उरला होता. सोमाजी कोर्टाच्या टोकाला रोलरला टेकून उभा होता. पोरीला ओरडून काही सांगायची त्याला सोय नव्हती, तो क्लबाचा नोकर. मी रडायला आले होते, आणि एक सोपा बॉल जाळ्यात गेला तशी मी रॅकेट आपटली.

पुढचा बॉल माझ्या हातात आला. त्याच्या पुढचाही. सुजाताच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता, तिचा हात आपला आपण चालला होता. पाच-तीन, पाच-चार. मग ती भानावर आली, दोन बॉल तिने कोपऱ्यात मारले, आता माझं संपलं हे मला कळलं. तेव्हा मी पुन्हा रॅकेट आपटली. पहिल्यांदा चिडून आपटली होती. दुसऱ्यांदा मुद्दाम. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. सात-पाचने मी जिंकले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

आई म्हणाली, बिचारीला बूट चावले असतील. सगळ्यांना ते पटलं, फार सोयीचं कारण होतं. पण मी नळावर तोंड धूत होते आणि पलीकडे सोमाजी पोरीला विचारत होता, "काहून वं? काहून केलं असं?" तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, बेबी रडून राहिली होती." खाली बसून त्याने तिच्या पायातले माझे बूट काढले, पुसले आणि मॅडमला परत द्यायला बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी विचारलं तर सोमाजी म्हणाला, "शिलाईच्या क्लासले जाते." एवढंच. माझ्याशी पूर्वीसारखाच खेळायचा, पूर्वीसारखाच वाढायचा. फक्त ‘शॉट, साब’च्या ऐवजी माझ्यासाठी ठेवलेलं ‘शॉट, बेबी’ बंद झालं होतं. ते माझ्या ध्यानात आलं आणि मला त्याचा राग आला. नोकराने गप्प राहावं याचाही राग येऊ शकतो, हे आमच्यासारख्या घरात वाढल्याशिवाय कळायचं नाही.

पुण्यात माझी शोभा झाली. पहिल्याच फेरीत सहा-शून्य, सहा-शून्य. तिथल्या मुली मला बॉल हातात देत नव्हत्या. परत आल्यावर सकाळी सरळ कोर्टावर गेले. सोमाजी चुन्याची रेघ ओढत होता. त्याने स्कोअर विचारला, मी सांगितला, आणि वर म्हणाले, "तू मला काही शिकवलंच नाहीस. तिथे त्या इकडेतिकडे मारतात. तू नुसते सोपे बॉल देतोस. तुझ्यामुळे हरले मी."

त्याने सुतळी गुंडाळली, चुन्याचा डबा बाजूला ठेवला, आपली रॅकेट घेतली आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. "या," म्हणाला.

मी बॉलला रॅकेट लावू शकले नाही. एकालाही नाही. डावीकडे धावले तर बॉल उजवीकडे, पुढे आले तर डोक्यावरून मागच्या रेघेवर. पन्नाशीच्या घरातला तो अनवाणी माणूस धावतसुद्धा नव्हता, चालत होता. मी रॅकेट आपटली. पुढचा बॉल माझ्या पायाशी इतक्या जोरात आला की मी तोल जाऊन मातीत पडले. इतकं सुंदर टेनिस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही प्रत्यक्षात कधी पाहिलं नाही. हे तेव्हाच कळलं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पंधरा-वीस मिनिटांत त्याने संपवलं. बॉल गोळा करायचं काम त्याचंच होतं, ते केलं. जाळ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "हा खेळ मी माह्या पोरीसाठी ठेवला होता, बेबी. तुमच्यावर वाया गेला."

महिना संपायच्या आत सोमाजीला कामावरून काढलं. एवढा जुना माणूस का काढला, हे क्लबात पुष्कळांना कळलं नाही. जजसाहेब तर बरेच दिवस हळहळत होते. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे दारू पीत असेल. तो दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता. त्याच्यानंतर सुजाताचं काय झालं, तेही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या सकाळी मी धुळीने माखलेली घरी पोचले तेव्हा वडील चहा पीत बसले होते. मी सगळं सांगितलं. म्हणजे त्याने मला पाडलं, एवढंच सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. माणूस तसे न्यायी, एकदम निकाल द्यायचे नाहीत. त्यांनी विचारलं, "उलट बोलला का तो तुला? नीट आठवून सांग."

मी नीट आठवलं. आणि हो म्हणाले.