रिकामं उखळ

“शब्द नको. नुसतं कांड,” मालक म्हणाला. “पावण्यांना काय कळणारे तुझं? आवाज आला म्हंजे झालं.”

हाच माणूस फोनवर मला ‘तुम्ही’ आणि ‘ताई’ म्हणत होता. तुमच्या कविता ऐकल्यात, आमच्या रिसॉर्टवर या, आपली कला जगापुढं जाऊ दे. इतका गोडवा ऐकून मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. तरी गेले. डोंगरातल्या आमच्या आहुप्याहून एसट्या बदलत, जुन्नरच्या अलीकडे. कवितेसाठी कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं. लोभ सुटला, दुसरं काय.

मी कविता म्हणते ती कांडणाच्या ठेक्यावर. आई आणि चुलती एकाच उखळात भात कांडायच्या. आईचं मुसळ वर गेलं की मधल्या मोकळ्या जागेत चुलतीचं पडायचं. पुढं भावाच्या टेम्पोत रेगे संगीत ऐकलं, कुठल्या लांबच्या जमैकातल्या लोकांचं. त्यांचाही जोर टाळीवर नाही, मधेच पडतो. मला वाटलं, अरे, ही तर माझी चुलती! तेव्हापासून मोबाईलवर त्यांचा बास, तो खालचा घुमणारा ठेका, लावते आणि वर माझे शब्द म्हणते. आमच्या पाण्याचे. आमच्या जमिनीवर उठलेल्या फार्महाऊसचे.

रिसॉर्टवर त्यांनी माझा स्पीकर बाजूला ठेवला. भाड्याचं लुगडं दिलं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघून आलेले पाहुणे जेवायला बसले होते, त्यांच्यासमोर मला खाली बसवलं. पुढ्यात नवंकोरं, पॉलिश केलेलं उखळ. आत बघितलं तर काहीच नाही. मी मूठभर भात मागितला.

“भात कशाला? कचरा व्हतो,” मालक म्हणाला.

मी मुसळ उचललंही. लाज वाटते सांगायला, पण उचललं. आणि आई आठवली. “रिकामं उखळ कांडू नाय. घरातलं सरतं.”

मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण काय सरणार होतं ते तिथं कळलं. माझे शब्द.

मुसळ आडवं ठेवलं. उभी राहिले. पाय आपटत फार्महाऊसची कविता म्हटली, अख्खी. मालकानं उखळापुढचा माईक बंद केला. डोंगरावरच्या गळ्याला माईक लागत नाही. पाहुणे टाळ्यांचा ताल धरायला लागले, मी त्यांच्या दोन टाळ्यांच्या मधे पडत राहिले. शेवटी एकजण ‘वा’ म्हणाला. ते कौतुक होतं की जेवण सुरू करायची घाई, मला अजून ठरवता आलेलं नाही.

“परत कोण बोलवणार न्हाई तुला,” मालक म्हणाला.

बोलवतात की. फोन आला की मी आधी विचारते, उखळात भात असणार का? समोरचा नुसता हसला तर फोन ठेवते. आणि भात असला तरी एक ऐकून ठेवा. शब्द माझेच असतील, आणि ते तुमच्या टाळीवर पडणार नाहीत.