घरी राहिलं की चालणारं मशिन

आमच्या घरात एखादं यंत्र बिघडलं की आधी बाईची चौकशी व्हायची. मिक्सर जळाला तर मी खोबरं जास्त घातलं असणार, इस्त्री तापेना तर मी वायर ओढली असणार. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी दिवसभर स्विच तपासायचे. नापास झालेले नग बाजूला काढायचे, काय चुकलं ते कागदावर लिहायचे आणि त्याच कामाचा पगार घ्यायचे. पण घरात पाऊल टाकलं की मला प्लग कुठे लावायचा हेही कळत नाही, असं सगळे धरून चालायचे. नव्वदच्या दशकात लग्न होऊन पाथर्डी फाट्याजवळच्या या घरात आले तेव्हा मी हे मुकाट्यानं ऐकून घेत असे. पुढे दहा-बारा वर्षांनी घरात कपडे वाळवायचं मशिन आलं, तोवर माझं ऐकून घेणं संपत आलं होतं.

मशिन आलं ते सासऱ्यांसाठी. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं ‘हां’ आणि ‘नाय’ एवढ्यावर आलं. दिवसाला सात-आठ चादरी ओल्या व्हायच्या. उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली चादर अर्ध्या तासात कडक वाळायची. पण श्रावणात नाशिकची ती बारीक झिमझिम लागली की आठ-आठ दिवस उन्हाचं तोंड दिसायचं नाही. खोल्यांमधून दोऱ्या बांधल्या, पंख्याखाली चादरी पसरल्या, इस्त्री फिरवून फिरवून वाळवल्या. तरी एकदा घाईत दमट चादर घातली गेली आणि त्यांच्या पाठीला जखम झाली. डॉक्टर म्हणाले, पाठ कोरडी ठेवा, नाहीतर हे वाढत जाईल.

धाकटा दीर तेव्हा दुबईला होता. त्यानं तिकडून ड्रायर पाठवला. पांढरा, कमरेएवढा उंच, पुढे गोल काच. जाड पिनांचा प्लग लागेल असं एकच ठिकाण घरात होतं, ते सासऱ्यांच्या खोलीत, म्हणून तो त्यांच्या पलंगासमोरच बसवला. चादरीतलं पाणी मशिनच्या आत एका पेटीत साठायचं, ती काढून ओतायची. पहिली गरम चादर मी त्यांच्या अंगावर टाकली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तिचं टोक ओढून गालाला लावलं. मला फार बरं वाटलं.

पहाटे मी चादरी धुवायचे, पहिली खेप ड्रायरमध्ये टाकायचे आणि साडेसहाच्या पाळीला जायचे. पुढच्या खेपा सासूबाई टाकायच्या. कोणतं बटण दाबायचं ते मी त्यांना दाखवून ठेवलं होतं. पंधरा दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस पाळीवरून आले तर मशिन बंद, समोरच्या पट्टीवर लाल अक्षरात ‘ई-फोर’ आणि आत अर्ध्या ओल्या चादरी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मशिनबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. ई-वन म्हणजे पाण्याची पेटी भरली. ई-टू म्हणजे जाळीत धाग्यांचा कचरा अडकला. ई-थ्री म्हणजे दार नीट लागलं नाही. ई-फोरसमोर एवढंच होतं की मशिन प्रमाणाबाहेर तापलं आहे, अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधा. ते सेवाकेंद्र समुद्रापलीकडे होतं.

नवऱ्यानं शहरातून एक मेकॅनिक आणला. त्यानं मशिनला फेरी मारली, मागे डोकावला आणि झाकण न उघडताच सांगून टाकलं, ‘आतलं सर्किट कार्ड गेलंय. हे इथं मिळत नाही.’ मी विचारलं, ‘कार्डावरचं काय गेलंय?’ त्यानं नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, ‘साहेब, लेडीज लोक कपडे कोंबतात, मग असं होतं.’ मी त्याला चहा विचारला नाही.

त्याच संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर तू राजीनामा दे. दमट चादरीवर बाबांना ठेवता येणार नाही.’

पाठीबद्दल ते खोटं बोलत नव्हते. जखम मीच धूत होते, तिचा आकार मला माहीत होता. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा होता. वडिलांची पाठ आणि माझी नोकरी यांतलं एक निवडायचं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांची कचेरी साडेदहाची होती, संध्याकाळी सहाला ते घरी असायचे, पण त्या कचेरीचा विषय निघालाच नाही. मी त्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागले होते आणि तपासणीच्या टेबलापर्यंत पोचायला मला नऊ वर्षं लागली होती. ते टेबल एका कार्डासाठी सोडायला मी तयार नव्हते.

आता मी घरातलं मशिन कारखान्यातल्या नगासारखं तपासायचं ठरवलं. आमच्या खात्यात नियम होता की नग उघडण्याआधी तो कुठे, कधी आणि कोणाच्या हातात बंद पडला ते विचारायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. गेटपास करून खात्यातला मीटर घरी आणला आणि प्लगमधली वीज मोजली. ठीक होती. जाळी दात घासायच्या ब्रशनं घासली. एका खेपेला चारऐवजी दोनच चादरी टाकायला सांगितलं. विजेवर भार नको म्हणून दुपारी फ्रिज बंद ठेवून पाहिला. रोज तीनला घरी यावं तर लाल ई-फोर माझी वाट बघत बसलेलं असायचं.

गंमत म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी ते दिवसभर चाललं. चार खेपा झाल्या, एकदाही थांबलं नाही. पुढच्या सुट्टीलाही तसंच. नवऱ्यानं जेवताना हिशेब मांडला, ‘तू घरी राहिलीस की चालतं. मशिनलासुद्धा कळतंय बघ.’ आणि स्वतःच हसले. मी ताटावरून उठले नाही, पण भाकरी मोडायची थांबले. त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा असला तरी त्यांनी सांगितलेली गोष्ट खरी होती. मी घरात असले की मशिन चालत होतं. म्हणजे मी नसताना तिथं काहीतरी वेगळं होत होतं, आणि ते बघणारा एकच माणूस होता. तो दिवसभर मशिनसमोर पडून असायचा.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर मी सासऱ्यांच्या उशाशी बसले. ‘बाबा, मशिन सुरू केल्या केल्या थांबतं का?’

‘नाय.’

‘थोड्या वेळानं?’

‘हां.’

‘कोणी मधेच बटण दाबतं का?’

‘नाय.’

‘कोणी त्याच्याजवळ येतं का?’

यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पुन्हा विचारलं. मग ते डाव्या हातानं अंगावरची गोधडी थोपटायला लागले. मला वाटलं चादर ओली झाली. हात घालून पाहिलं तर कोरडी होती. थंडी वाजते का म्हणून मी गोधडी गळ्यापर्यंत ओढली, तर त्यांनी ती वैतागून खाली ढकलली. पुन्हा थोपटली, मग हात उचलून मशिनकडे केला. मला अंधुक अंदाज आला आणि डोकंच फिरलं. घरात दिवसभर आणखी एकच माणूस असायचं.

सासूबाईंना माझी नोकरी आवडते असं मला कधी वाटलं नव्हतं. देवळा तालुक्यातल्या त्या, कांद्याच्या शेतात राबलेल्या, बोलायला फटकळ. मी पाळीला निघाले की त्या दाराशी उभ्या राहून ‘निघाली साहेबीन’ म्हणायच्या. मशिन मुद्दाम बंद पाडायचं त्यांच्या मनात आलं असेल, हे मी त्या दिवशी पुरतं धरून चालले. त्यांना रंगेहाथ पकडायचं आणि नवऱ्यासमोर उभं करायचं, असं मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बसस्टॉपपर्यंत मनातल्या मनात भांडण पाठ करत गेले.

त्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अकराच्या सुमाराला आवाज न करता घरात शिरले. सासऱ्यांच्या खोलीत ड्रायर दिसतच नव्हता. दोन गोधड्यांनी तो वरपासून खालपर्यंत गुंडाळला होता, मागची बाजू भिंतीला चिकटवली होती, वर वजनाला लाकडी पाट ठेवला होता. सासूबाई शेजारी बसून गोधडीची कडा दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या, कुठून फट राहू नये म्हणून.

‘आई, हे काय करताय?’

त्या दचकल्या, पण हात काढला नाही. ‘मागून सारी गरम हवा भायेर चाललीय. वाया जाती. भाताला कसं झाकन ठेवलं, वर वजन ठेवलं की वाफेवर लौकर होतं? तसं हाय. तू यायच्या आत झालं पायजे.’

‘रोज झाकता?’

‘रोज. पयले पंधरा दिस उघडं ठेवलं, लय येळ लागला, तवापासून झाकती अन् थांबलं की काढती. तरी बंदच पडतंय मेलं. म्हनून आज दुसरी गोधडी टाकली.’

‘मला का नाही सांगितलं?’

‘तू सुट्टीला घरी असती तवा मी भजनाला जाती. अन् सांगायचं काय? ते मशिन लय अशक्त हाय. नीट नाय चाललं तर तुला घरी बसवनार तो. मग दिसभर तू अन् मी, ह्या एवढ्याशा घरात? तुझं तोंड बघत बसू मी?’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘नऊ वर्सं लावली ना तू तिथं? मला कळत नाय व्हय?’

भांडायची एवढी तयारी करून मी आले होते आणि या बाईनं ती सगळी वाया घालवली. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज वाटतेय याचाही राग आला. मी पाट उचलला, गोधड्या काढल्या. मशिनच्या मागच्या जाळीला हात लावला तर चटका बसला. तेवढ्यात पट्टीवर ई-फोर लागलं. पलंगावरून सासरे म्हणाले, ‘हां.’

मशिन वीतभर पुढे ओढलं, अर्धा तास निवू दिलं आणि पुन्हा सुरू केलं. ते चादरी कोरड्या करूनच थांबलं. सासूबाईंना सांगितलं की याला श्वास घ्यायला मागून जागा लागते, भातासारखं झाकलं तर ते गुदमरतं. त्या म्हणाल्या, ‘मग त्या लिवलेल्या बुकात तसं लिवायचं ना.’

मला वाटलं होतं, विषय संपला. नवऱ्याला सगळं सांगितलं, गोधड्या कोणी आणि का घातल्या तेही. ते हसले, आईला चिडवलं, मशिनवर हात फिरवला. मग म्हणाले, ‘चांगलं झालं. पण आज हे, उद्या दुसरं काही निघेल. कोणीतरी समजणारं घरी असलेलं बरं. तू तुझ्या साहेबांशी बोलून ठेव.’

तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस भलत्याच यंत्राचा दोष शोधत होते. मशिन दुरुस्त झालं होतं आणि माझ्या राजीनाम्याची चर्चा आहे तशीच होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आमच्या खात्यात प्रत्येक मशिनशेजारी एक तक्ता लावलेला असतो. त्या रविवारी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेननं तसाच तक्ता आखला, मराठीत. पहिल्या रकान्यात काय दिसतं, दुसऱ्यात काय करायचं, तिसऱ्यात कोणी करायचं.

ई-वन: पेटी काढून पाणी ओतणे. आई. ई-टू: जाळी धुऊन पुन्हा बसवणे. तुम्ही. ई-थ्री: दार दाबून लावणे. जो जवळ असेल तो. ई-फोर: मागे भिंतीपासून वीतभर जागा आहे का बघणे, वर काही असल्यास काढणे, अर्धा तास थांबणे. कचेरीला निघेपर्यंत आणि सहानंतर तुम्ही, मधल्या वेळात आई. शेवटी मी आणखी एक ओळ घातली. मशिन थांबल्यास हाक मारणे: बाबा. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते ‘हां’ म्हणाले, दोनदा.

तक्ता मशिनच्या वर भिंतीला चिकटवला. नवऱ्यानं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून सुरुवात केली.

‘यात तुझं नाव कुठं आहे?’

‘पहाटे चादरी मी धुते आणि पहिली खेप मीच टाकते. ते दिसायला तक्ता लागत नाही,’ मी म्हणाले. ‘साडेसहा ते तीन मी अंबडला असते. यापुढेही असेन.’

दारात सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते. नवरा मशिनसमोर खाली वाकला, काचेतून आत बघितलं, बाजूला चाचपलं.

‘ती जाळी कुठल्या बाजूला असते?’

‘शोधा, सापडेल,’ मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा गणवेश इस्त्रीला घेतला.