बदललेला तेवढाच चौकोन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात मी नुकतीच लागले होते. लोखंडी दातेरी चाकं भट्टीत तापवून कडक करायची, हे तिथलं काम. भट्ट्या सहा. कुठली किती तापलीय ते एका लांबट खोलीत सहा काट्यांवर दिसायचं, आणि त्या खोलीचे राजे होते मामा. लोधिवलीचे, पन्नाशी उलटलेले, घरची भातशेती सांभाळून पाळ्या करणारे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले.

साहेबांनी त्या खोलीत एक संगणक आणून ठेवला होता. रंगीत पडद्याचा! मी गणितात बीएस्सी, वर मुंबईत जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकलेली. त्या यंत्रासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा मला हसू आवरेना. भट्ट्यांच्या तारा एका पेटीतून संगणकात आणल्या होत्या आणि पुढचं सगळं माझ्यावर सोडलं होतं. मी पडद्यावर सहा भट्ट्यांचं चित्र काढलं, प्रत्येकीवर तिचा आकडा. एखाद्या भट्टीची जास्त माहिती हवी असली की बटण दाबायचं, मग चित्राच्या वर एक छोटी चौकट उघडायची. तिला मी खिडकी म्हणायचे. बाणांच्या बटणांनी ती पडद्यावर हवी तिथे सरकवता येई. आज शेंबडं पोरसुद्धा हे करतं, पण तेव्हा मला वाटलं, जग जिंकलं आपण.

अडचण एकच, पण जीवघेणी. कुठल्याही भट्टीचा आकडा एका अंशाने जरी हलला तरी माझा प्रोग्रॅम आख्खा पडदा पुसायचा आणि वरपासून खालपर्यंत सगळं चित्र नव्याने काढायचा. त्याला दीड-दोन सेकंद लागत. सहातली एक ना एक भट्टी सतत हलणारच, त्यामुळे चित्र पुरं व्हायच्या आत पुन्हा पुसलं जायचं. मामा डोळे चोळत म्हणाले, “म्याडम, ह्यो पडदा हाय का कोंबडीची पापनी? आकडा वाचंस्तवर गायब. आमचं काटंच बरं.”

साहेबांच्या कानावर हे गेलं. ते सोमवारी आले, पाच मिनिटं पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पुढच्या सोमवारी मी परत येतो. मामा ‘ठेवा’ म्हणाले तर हे इथे राहील. नाहीतर टाइम ऑफिसात हलवू, हजेरीच्या कामाला. तुम्हीही तिकडेच बसा.” टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची खोली. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, ते दिवसभर टंकत बसायचं. मला भट्ट्या हव्या होत्या. जिवंत, हलणारे आकडे हवे होते. आणि माझं भवितव्य ज्याच्या हातात दिलं होतं तो माणूस माझ्या पडद्याला कोंबडीची पापणी म्हणत होता.

मंगळवारी मी काही न करता नुसती मामांकडे बघत बसले. खरं तर रागानेच. काट्यांशेजारी एक फळा होता. येणाऱ्या पाळीला एका नजरेत कळावं म्हणून मामा त्यावर सहाही आकडे खडूने लिहून ठेवत. तीन नंबरचा काटा आठशे बेचाळीसवरून पंचेचाळीसवर गेला. मामा उठले, अंगठ्याला थुंकी लावली, शेवटचा दोन पुसला, तिथे पाच काढला आणि जागेवर येऊन बसले.

मी अशी उठले की खुर्ची मागच्या मागे पडली. “मामा! तुम्ही सगळा फळा का नाही पुसलात?”

“सगळा कशाला पुसू? येडी का काय? दोनाचा पाच झाला, दोन पुसला.”

झालं! जे बदललं तेवढंच पुसायचं, तेवढंच रंगवायचं. बाकीच्या पडद्याला हात लावायचाच नाही. मी बसल्या जागी लिहायला घेतलं. ज्या भट्टीचा आकडा बदलेल तिने एका यादीत आपला चौकोन नोंदवायचा: इथून इथपर्यंत मळलं. तिला मी मळकी यादी असंच नाव दिलं. प्रोग्रॅमने मधून मधून यादी बघायची, तेवढेच चौकोन रंगवायचे आणि यादी कोरी करायची. दोन चौकोन एकमेकांवर आले तर दोघांचा मिळून एक करायचा, उगाच तीच जागा दोनदा कशाला रंगवा? आणि रंगवताना चौकोनाच्या बाहेर एक ठिपकासुद्धा पडू द्यायचा नाही. बुधवारी दुपारी मी तो प्रोग्रॅम चालू केला. पडदा शांत! सहा भट्ट्या आपापल्या जागी ठाम उभ्या, आणि आकडे तेवढे हळूच बदलताहेत. मी चक्क टाळ्या पिटल्या. मामा वाकून अगदी नाक लावून बघत होते. “थांबला गं बाय,” ते म्हणाले. तेव्हापासून त्यांनी मला म्याडम म्हणणं सोडलं.

गुरुवारी मी मोठ्या ऐटीत खिडकी उघडली आणि बाणाचं बटण दाबून ठेवलं. खिडकी सरकली, पण जिथून निघाली तिथेही राहिली. पुढे सरकली, तिथेही राहिली. बघता बघता पडदाभर खिडक्यांचा खच. भट्ट्या कुठे आहेत तेच दिसेना. मी तीन तास डोकं फोडलं. यादी तपासली, आकडेमोड तपासली, सगळं बरोबर होतं. मामा मागे उभे राहून चहा पीत होते. ते म्हणाले, “ह्यो उठला, पन उठल्या जागी कुनी पुसलं नाय. उठला का जागा पुसाया नको?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमच्याकडे पुसत असतील! आमच्याकडे नाही पुसत!” असं ओरडून मी पिशवी उचलली आणि खोपोलीहून मिळेल त्या गाडीने कर्जतला घरी आले. मामा हातात कप धरून तसेच उभे होते.

त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. आम्ही बौद्ध. छप्पन साली बाबांनी धर्म बदलला तेव्हा ते विशीत होते. पुढे रेल्वेत गँगमन लागले, पण आमचं गाव कर्जतजवळच्याच कोंडाणे लेण्यांच्या बाजूला, आणि सुट्टीला आम्ही तिथेच जायचो. गावात एक मोठे जमीनवाले होते. त्यांना वाचता येत नसे, आणि बाबा सातवी पास. कोर्टाचा कागद आला की बाबांना बोलावणं यायचं. बाबा ओटीच्या कडेला बसून त्यांना सगळा कागद वाचून दाखवायचे, अर्थ सांगायचे, आणि उठायचे. ते अंगण ओलांडायच्या आत घरातली बाई शेणाचा गोळा घेऊन यायची आणि ते बसले होते तेवढीच जागा सारवून टाकायची. मी सात-आठ वर्षांची होते, अंगणात उभी राहून बघायची. ती ओली जागा बरोबर बाबांच्या बैठकीएवढी असायची.

संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले तेव्हा मी मामांचे शब्द त्यांना सांगितले. मला वाटलं, तेही भडकतील. ते हसायला लागले. “त्या वटीवर माझी जागा येवढ्यांदा सारवली गं, का आख्ख्या वटीत तेवढीच गुळगुळीत! बाकी सगळे पोपडे.” त्यांच्या हसण्याचाही मला राग आला. मग त्यांनी विचारलं, “पन तुज्या खिडकीला झालंय काय?” मी वहीत चित्र काढून दाखवलं. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं.

“मंग म्हातारा बरोबर बोलला,” ते म्हणाले. “मी उठलो का दोन जागा बदलायच्या. येक जिथनं उठलो ती, येक जिथं जाऊन बसलो ती. त्या बाईला पयलीच दिसायची. तुला दुसरीच दिसतेय.”

मी वहीकडे बघतच राहिले. खिडकी हलली की मी यादीत नव्या जागेचा चौकोन घालत होते. जुन्या जागेचा घातलाच नव्हता. तीन तास तीच ओळ डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही, कारण त्या ओटीनंतर उठलेल्या जागेकडे पुन्हा बघायचंच नाही अशी सवय मी लावून घेतली होती. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की जेवताना मी भात आमटीऐवजी ताकात कालवला.

शुक्रवारी सकाळी मी मामांना सगळं सांगितलं. मी का ओरडले, ओटी, शेण, बाबा, सगळं. मामा हातातला खडू फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, “आमच्या आयनंबी पुसलंय तसं. मी पाह्यलंय. शेनाची पाटी मीच आनून दिली व्हती.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “काल माज्या तोंडातनं चुकून गेलं, बाय.”

“चुकून नाही गेलं,” मी म्हटलं. “माझ्या यादीत तीच जागा राहिली होती.” आणि मी कामाला लागले.

युक्ती सोपी वाटली. खिडकी उघडताना तिच्याखाली येणारं चित्र एका कोपऱ्यात जपून ठेवायचं, आणि खिडकी उठली की ते तिथे परत लावायचं. जसंच्या तसं! दुपारपर्यंत खिडकी पडदाभर फिरू लागली आणि मागे डागसुद्धा उरेना. मी मामांना हाका मारून बोलावलं. त्यांनी खिडकी चार नंबरवर नेली, तिथे ठेवून चहा संपवला, मग बाजूला सरकवली. आधी पडद्याकडे बघितलं, मग काट्याकडे.

“काटा आठशे बावन म्हनतोय. तुजा पडदा आठशे चाळीस.”

मी जपून ठेवलेलं चित्र चहाच्या आधीचं होतं. मामांनी पडद्यावर बोट आपटलं. “झाकली म्हनून भट्टी थांबते काय गं?”

सोमवार तोंडावर आला होता आणि मला मात्र गंमत वाटत होती! चूक इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्यावर रागावताही येईना. पहिल्यासारखं करायचंच नव्हतं मुळी. खाली जे आहे ते आत्ता जसं आहे तसं दिसायला हवं होतं. शनिवारी मी ती जपून ठेवलेली चित्रं सगळी फेकून दिली. आता खिडकी उठली की उठलेली जागा मळक्या यादीत जायची, आणि मग त्या जागेत ज्याचा ज्याचा भाग आहे त्या प्रत्येकाला हाक जायची, अगदी तळापासून वर: आधी मागचा रंग, मग भट्टी, मग आकडा, आणि वर दुसरी खिडकी असली तर शेवटी ती. ज्याने त्याने आपलं आताचं रूप काढायचं, तेवढ्याच चौकोनात. संध्याकाळी मी घरी गेले ती जवळजवळ पळतच. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आता सायबाला दाखीव, माज्यावर काय वरडतेस?”

सोमवारी साहेब आले, बरोबर आणखी दोघं. मामा संगणकासमोर बसले. स्वतः, माझ्या खुर्चीत, पहिल्यांदाच. मी भिंतीला टेकून उभी होते. मामांनी दोन नंबरची खिडकी उघडली, एका बोटाने सावकाश इकडून तिकडे नेली, चार नंबरवर थांबवली आणि तिच्यातली माहिती साहेबांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. पडदा एकदाही लुकलुकला नाही. साहेब जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “बरं मामा, तुमचं मत सांगा. ठेवायचा की हलवायचा?”

मामांनी तोंड उघडलं आणि त्याच वेळी खिडकी बाजूला सरकवली. खालून चार नंबरचा आकडा निघाला. आठशे एकाहत्तर, लाल. आठशे साठच्या वर भट्टी गेली की आतली सगळी चाकं भंगारात जातात, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मामा उठले आणि दाराबाहेर पळाले. “चारचा गॅस बारीक कर रं! बारीक, बारीक!” त्यांचा आवाज शेडमधून लांब जात गेला.

साहेब गर्रकन वळून काट्यांकडे गेले आणि चार नंबरपुढे वाकले. “आठशे एकाहत्तर,” ते म्हणाले. मी काट्याकडे बघितलंच नाही. मी दाराकडे बघत होते. ते सहा काटे दाराच्या वाटेवरच होते. पंचवीस वर्षं ज्यांच्यावाचून मामांचं पान हललं नव्हतं, त्यांच्यासमोरून ते पळाले होते आणि मान वर करून एकाकडेही त्यांनी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. पुसायचंही सुचेना.

थोड्या वेळाने मामा गळ्याचा घाम पुसत आत आले. “वाचली चाकं,” म्हणाले, आणि पुन्हा माझ्या खुर्चीत टेकले. साहेब अजून तसेच उभे होते. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं.

“हां सायेब, मगाशी काय इचारत व्हतात तुमी?”