वाल्मीकशेठची गॅस एजन्सी

वाल्मीकने तरणेपण भिवंडीच्या लूमवर घालवलं आणि शहाण्णव साली पडघ्याला गॅसची एजन्सी घेतली. कंपनी खाजगी होती. टाक्या कंपनीच्या, नाव कंपनीचं, माणसं मात्र आपली.

कंपनीचा शरच्चंद्र नावाचा साहेब ओटीवर बसून खर्च समजावत होता. टाकीच्या तोंडात रबरी वायसर असतो, तो नसला तर गॅस कसा झिरपतो, तेही त्याने दाखवलं. मग म्हणाला, "डिपॉझिट, गोडाऊन, टेम्पो झालं. आता चार माणसांचं ट्रेनिंग. पुण्याला पाठवायची. राहणं-खाणं तुमचं, पगार चालू, आणि तोवर इथं बदली माणसं लावायची. हा पैसा आधीच बाजूला काढा."

वाल्मीक हसला. "साहेब, मला लूम कोनी शिकवला? चुलत्याच्या बाजूला उभा ऱ्हायलो, शिकलो. एकाला धाडतो. बाकीचे त्याचं बघतील."

"आणि तोच सोडून गेला तर?"

"आमची मानसं तशी न्हाय."

चहा ठेवता ठेवता त्याची बायको चंपा म्हणाली, "आवो, चौघांना धाडा की. पाटी जरा बारकी करा. दोन गाळ्यांएवढी पाटी कशाला, शेठ झालो म्हनून?"

पाटी मोठीच लागली.

वाल्मीक काही कंजूष नव्हता. त्याच्या सगळ्या दुनियेला विद्या अशीच, बघून बघून आलेली. लूमच्या खडखडाटात तोंडचा शब्द कानापर्यंत पोचत नाही. नवा गडी जुन्याशेजारी उभा राहतो आणि डोळ्यांनी काम उचलतो. चुकला तर धागा तुटतो, लूम थांबतो, मुकादम शिवी हासडतो. चूक आपणहून ओरडते. सगळीच कामं अशी ओरडतात, असं वाल्मीकला वाटत होतं.

महादू पुण्याला जाऊन आला. काम नेटकं, बोलणं जवळजवळ नाहीच. बाकीच्यांतला चिंधू त्याच्याबरोबर टेम्पोवर फिरला, बघत राहिला. दिवाळी सरली आणि महादू मान खाली घालून गोडाऊनच्या दारात उभा राहिला. "शेठ, भिवंडीच्या एजन्सीत पगार जास्त हाय. पोरीचं लगीन काढलंय."

वाल्मीकने त्याला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवसापासून टेम्पोवर चिंधू एकटा जाऊ लागला.

थंडीतली एक दुपार. चिंधू खारबावच्या बाजूला गाडीभर टाक्या पोचवून आला आणि उरलेली एक शेठच्या स्वयंपाकघरात बसवून बाहेर ओटीवर टेकला. थोड्या वेळाने चंपा बाहेर आली. "आवो, वास येतोय."

वाल्मीकने धावत जाऊन रेग्युलेटर काढला, खिडक्या सताड उघडल्या. टाकीच्या तोंडात वायसर नव्हता.

"चिंध्या, वायसर बघितला न्हाय?"

"कसला वायसर, शेठ?"

"मग बोट घालून काय करत व्हतास?"

"धूळ पुसली. महादू पुसायचा तशी."

वाल्मीकच्या आता ध्यानात आलं. महादू बोटाने वायसर चाचपत होता. तोंडाने बोलला कधीच नाही, आणि याने डोळ्यांनी उचललं ते एवढंच.

"खारबावलाबी तसंच?"

"सगळीकडं तसंच."

वायसरची पुडी खिशात कोंबून दोघे टेम्पोत बसले. भिवंडीच्या नाक्यावर ट्रकांची रांग हलेना. वाल्मीक हॉर्नवर हात दाबून बसला, पुढचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अरे, उड़ के जाएगा क्या?" गोडाऊनच्या पत्र्यांवरचं ऊन तांबूस झालं, मग राखी. दिवेलागणीची वेळ. कुठे समई, कुठे मेणबत्ती, काडी मात्र घरोघरी ओढली जाणार होती. कितीक टाक्या धड असतील. कोणती नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

खारबावच्या पहिल्याच दारात आनंदीबाई काडेपेटी घेऊन उभी होती. "बरं झालं आलात शेठ. कसला तरी वास मारतोय. दिवा लावते नि दाखवते—"

वाल्मीकने काडेपेटी हिसकावून अंगणात भिरकावली. "काडी नको! बटन नको! समदी भाईर या!"

चिंधू टाकीकडे धावला. वाल्मीक पुढच्या घराकडे वळला आणि जागीच थबकला. आळी वळणावर खाली उतरत होती, आणि तिथल्या खिडक्यांतून एकामागून एक उजेड पडू लागला होता.